गांधीजींच्या आत्मचरित्रातली नावेची बाजू

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या हिशेबावर लिहावं. सुरुवातीची सहा वर्षं मी खजिनदार होतो, त्यामुळे अपेक्षा चुकीची नव्हती. पण टँकरवर किती खर्च झाला, लिफ्ट कधी बदलली, सिंकिंग फंड कुठवर आला हे सगळं वार्षिक अहवालांत आहे, आणि ते अहवाल आपण किती वाचतो हेही मला ठाऊक आहे. म्हणून विषय वेगळा घेतला. आहे हिशेबाचाच, पण दुसऱ्याच्या. शेवटी थोडासा माझाही येईल.

सकाळी फिरायला जाणारे आपल्यातले बरेच जण जेल रोडने जातात. येरवडा तुरुंगाची ती लांबलचक भिंत आता इतकी सवयीची झाली आहे की तिच्याकडे लक्षही जात नाही. आगाखान पॅलेसही रिक्षाच्या अंतरावर आहे. पाहुणे आले की आपण त्यांना तिथे नेतो, फोटो काढतो आणि परत येतो. ज्या माणसामुळे या दोन जागा इतिहासात गेल्या, त्या मोहनदास करमचंद गांधींचं आत्मचरित्र मी वयाच्या बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा वाचलं. पुण्यात जन्म, पुण्यात शिक्षण, बी.कॉम. पदवी, बँकेत ३७ वर्षं नोकरी आणि तरी बासष्टाव्या वर्षी. याला कारण आहे, ते आधी सांगतो.

आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. गांधीजींच्या खुनानंतर १९४८ साली जी जाळपोळ झाली, तीत आजोबांचं घर गेलं. आजोबा एक ट्रंक घेऊन पुण्यात आले ते परत गेले नाहीत. माझा जन्म त्यानंतरचा, पेठेतल्या वाड्यातल्या दोन खोल्यांतला. आमच्या घरी गांधींना कुणी शिव्या दिलेल्या मला आठवत नाहीत, आणि कुणी चांगलं बोललेलंही आठवत नाही. नाव निघालं की विषय बदलायचा. खून करणारा माणूस याच शहरात वर्तमानपत्र चालवत होता, ही गोष्टही तशीच न बोलता राहिलेली. १९६९ साली गांधी जन्मशताब्दी झाली. तेव्हा मी कॉलेजात होतो. निबंध लिहिला, त्याला बक्षीसही मिळालं. पण पुस्तक उघडलं नव्हतं.

२०१२ साली नातवाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी त्याला आगाखान पॅलेसला घेऊन गेलो. तिथे त्याने मला विचारलं की आजोबा, यांनी नक्की काय केलं होतं. मला धड सांगता येईना. बाहेर पडताना ‘सत्याचे प्रयोग’ची मराठी प्रत घेतली. किंमत इतकी कमी की घासाघीस करण्याचा प्रश्नच नव्हता.

आता वाचायची माझी पद्धत सांगतो. बँकेत कर्जाचा अर्ज आला की आम्ही जमेची बाजू नंतर बघायचो, आधी नावेची बघायचो. जमा तर माणूस स्वतःहून सांगतोच. नावे काय टाकलंय, कुठे टाकलंय, की टाकलंच नाही, यावरून माणूस कळतो. मी पाहिलेली बहुतेक आत्मचरित्रं म्हणजे नुसती जमेची बाजू. हे पहिलं पुस्तक असं दिसलं की लिहिणाऱ्याने नावेची बाजू स्वतःच्या हाताने आणि आधी भरली आहे.

हे पुस्तक लिहिलं गेलं त्यातही येरवड्याचा संबंध आहे. आत्मचरित्र लिहा असा सहकाऱ्यांचा आग्रह आधीपासून होता. जेमतेम एक पान झालं असेल-नसेल, तोच मुंबईत दंगल उसळली आणि ते राहून गेलं. मार्च १९२२ मध्ये त्यांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते येरवड्यात आले. तिथे सोबतचे कैदी जयरामदास यांनी पुन्हा विषय काढला. पण गांधीजींनी तुरुंगातल्या वाचनाचा कार्यक्रम आधीच आखून ठेवला होता, तो मोडायला ते तयार नव्हते. शिक्षा पुरी भोगली असती तर बहुधा हे पुस्तक आपल्या या भिंतीआडच लिहून झालं असतं. शेवटी स्वामी आनंदांच्या तगाद्यामुळे ‘नवजीवन’ साप्ताहिकात नोव्हेंबर १९२५ पासून दर आठवड्याला एक प्रकरण येऊ लागलं, ते फेब्रुवारी १९२९ पर्यंत. मूळ गुजराती, आणि इंग्रजी भाषांतर महादेवभाई देसाईंचं. एकूण दीडशेहून जास्त प्रकरणं.

जन्म २ ऑक्टोबर १८६९, पोरबंदर. वडील करमचंद आधी पोरबंदरचे आणि पुढे राजकोटचे दिवाण. आई पुतळीबाई अत्यंत व्रतस्थ. लग्न तेराव्या वर्षी, कस्तुरबाही तेवढ्याच. हा झाला परिचय. त्यानंतर लगेच नावेची नोंद सुरू होते. विड्या ओढण्यासाठी नोकराच्या खिशातले पैसे चोरले. पंधराव्या वर्षी त्याहून मोठी चोरी. भावाला पंचवीसेक रुपयांचं कर्ज झालं होतं, ते फेडायला भावाच्याच हातातल्या सोन्याच्या कड्याचा तुकडा काढून विकला. कर्ज फिटलं, पण मनाला स्वस्थता मिळेना. शेवटी सगळं चिठ्ठीवर लिहून, शिक्षा मागून आणि पुन्हा चोरी करणार नाही असं कबूल करून ती चिठ्ठी आजारी वडिलांच्या हातात दिली. वडील पलंगावर उठून बसले, चिठ्ठी वाचली, डोळ्यांतून पाणी आलं. रागावले नाहीत, चिठ्ठी फाडून टाकली आणि पुन्हा आडवे झाले.

मी हे प्रकरण रात्री साडेदहाच्या सुमारास वाचलं आणि पुस्तक बंद करून ठेवलं. पुढचे आठ दिवस उघडलं नाही. का, ते नंतर सांगतो.

वडील गेले त्या रात्रीची नोंद तर त्याहून अवघड. रोज रात्री वडिलांचे पाय चेपणारा हा सोळा वर्षांचा मुलगा त्या रात्री काकांवर काम सोपवून बायकोकडे खोलीत गेला, आणि काही मिनिटांत नोकर दार वाजवायला आला. शेवटच्या क्षणी आपण जवळ नव्हतो आणि का नव्हतो, हे त्यांनी साऱ्या जगासमोर लिहून ठेवलं. आपण तर दहाव्याच्या चहाच्या वेळीही असं काही बोलत नाही.

१८८८ साली बॅरिस्टर व्हायला विलायतेला गेले. दारू, मांस आणि परस्त्री यांना शिवणार नाही अशी आईपुढे शपथ घेऊन. ती पाळली. पण तिथे साहेब व्हायची हौस आलीच. बाँड स्ट्रीटवर शिवलेला सूट दहा पौंडांचा, नाच शिकायचे तीन पौंड, व्हायोलिनचे साधारण तेवढेच. असं तीनेक महिने चाललं. मग भाऊ घरून पैसे पाठवतोय आणि आपण काय करतोय हे लक्षात आलं. तेव्हापासून पैन् पैचा हिशेब, रोज रात्री शिल्लक जुळवूनच झोपायचं. खोली एकच ठेवली, सकाळचं जेवण स्वतः शिजवायला लागले, बसऐवजी पायी चालायला लागले आणि रोजचा खर्च सव्वा शिलिंगावर आणला. साधेपणाची सुरुवात ही अशी झाली. तत्त्वज्ञान नंतर आलं, आधी आली वही. मला ही गोष्ट फार आवडली, कारण आमच्या बँकेत नव्या कॅशियरला आम्ही हेच सांगायचो. कॅश जुळल्याशिवाय घरी जायचं नाही.

तिथलीच आणखी एक नोंद. विलायतेत शिकणारी लग्न झालेली हिंदी मुलं अविवाहित म्हणून वावरायची, तसे हेही वावरले. ब्रायटनला ओळख झालेल्या एका प्रेमळ वृद्ध बाईंनी यांची एका मुलीशी गाठ घालून द्यायला सुरुवात केली, तेव्हा घाबरून पत्र लिहिलं. माझं लग्न झालंय, मला मुलगा आहे, हे आधी सांगायला हवं होतं, यापुढे घरी बोलवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. बाईंनी हसून पुन्हा बोलावलं. बघा, खोटं बोलले नव्हते, फक्त खरं सांगितलं नव्हतं. आणि तेही त्यांनी नावेच टाकलं.

बॅरिस्टर होऊन १८९१ साली परत आले आणि मुंबईत सपशेल अपयश. स्मॉल कॉजेस कोर्टात पहिल्याच खटल्याला उभे राहिले, तोंडातून शब्द फुटेना. तीस रुपये फी परत करून खटला दुसऱ्याकडे दिला. मग ७५ रुपये पगाराच्या इंग्रजी शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज केला, तर पदवीधर नाहीत म्हणून नकार. आपल्यासारख्या पदवीधरांनी हे जरा लक्षात ठेवावं.

म्हणून १८९३ साली दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी १०५ पौंड मेहनतान्यावर दक्षिण आफ्रिकेला गेले. पीटरमॅरिट्झबर्गला पहिल्या वर्गाचं तिकीट असून गाडीतून उतरवलं आणि ती रात्र थंडीत स्टेशनवर कुडकुडत काढली, हा प्रसंग पाठ्यपुस्तकात आहे. पाठ्यपुस्तकात नसलेला सांगतो. खटला सगळा हिशेबाचा, आणि बॅरिस्टरसाहेबांना पी. नोट म्हणजे काय हे माहीत नव्हतं! प्रॉमिसरी नोट. आमच्याकडे तिच्याशिवाय कर्जाची फाइल पुढे सरकायची नाही. लाज न बाळगता त्यांनी पेढीच्या कारकुनाला विचारलं, जमाखर्चाचं पुस्तक विकत आणलं आणि कीर्द-खतावणी शिकले. मग लक्षात आलं की आपल्या अशिलाची बाजू खरी आहे, पण खटला असाच चालला तर दोन्ही पक्ष वकिलांच्या फीमध्येच बुडतील. लवाद नेमायला लावला. निकाल लागला, प्रतिपक्षाने ३७,००० पौंड आणि खर्च द्यायचा. एकदम दिले असते तर तो माणूस दिवाळखोरीत गेला असता. गांधीजींनी आपल्याच अशिलाला पटवून लांब मुदतीचे हप्ते बांधून घेतले. कर्जाचं रीशेड्यूलिंग आम्ही बँकवाले समजतो तितकं नवं नाही.

१८९४ साली नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन केली. वर्गणीच्या प्रत्येक पैशाची पावती, प्रत्येक खर्चाची नोंद. काटेकोर हिशेबाशिवाय सार्वजनिक संस्था सचोटीने चालूच शकत नाही, असं त्यांचं ठाम मत. घरातही कमी खर्चाचे प्रयोग चालू होते. धोब्याचं बिल परवडेना म्हणून कॉलर स्वतः धुतली, त्यातून कोर्टात खळ गळायला लागली आणि वकील मंडळी हसली. गोऱ्या न्हाव्याने केस कापायला नकार दिला म्हणून स्वतःच कापले, तर मागची बाजू उंदरांनी कुरतडल्यासारखी झाली. ते स्वतःही हसले असावेत, नाहीतर इतक्या मजेत लिहिलं नसतं.

१८९६ साली हिंदुस्थानात आले तेव्हा आपल्या पुण्यातही आले. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांच्या प्रश्नावर सभा घ्यायची होती. पुण्यात तेव्हा दोन तट, आणि एका तटाने बोलावलं की दुसरा येणार नाही. (सोसायटीच्या सभांवरून आपल्याला कल्पना येईल.) लोकमान्य टिळकांनी सल्ला दिला की कुठल्याही तटात नसलेले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर अध्यक्ष म्हणून मिळवा. गोपाळ कृष्ण गोखल्यांची भेट फर्ग्युसन कॉलेजात झाली, आणि गोखल्यांना त्यांनी कायमचं मनाच्या गाभाऱ्यात बसवलं. भर दुपारी हा तरुण भांडारकरांकडे गेला आणि त्यांनी लगेच होकार दिला. थाटमाट न करता सभा झाली.

कस्तुरबांच्या बाबतीतली नावे मोठी आहे. डरबानच्या घरात पाहुण्यांची मलमूत्राची भांडी घरच्यांनीच उचलायची असा नियम होता. एका पंचम कारकुनाचं भांडं उचलताना कस्तुरबांच्या डोळ्यांत पाणी आलं. नुसतं उचलणं नव्हे, हसतमुखाने उचललं पाहिजे म्हणून हे चिडले आणि बायकोला हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेलं. परक्या देशात, जिथे तिचं माहेर ना कुणी आपलं. स्वतःची ही क्रूरता त्यांनी झाकली नाही, की तिला तत्त्वाचं पांघरूणही घातलं नाही.

१९०१ साली तिथून निघताना लोकांनी सोन्याचांदीच्या भेटी दिल्या. त्यात ५० गिनींचा हार खास कस्तुरबांसाठी. रात्रभर झोप नाही. लोकसेवेबद्दल मिळालेलं घरात ठेवायचं कसं? मुलांना आधी पटवलं. कस्तुरबा मात्र म्हणत होत्या की हा हार माझ्या सेवेबद्दलही आहे, उद्या सुनांना काय घालू. मुद्दा अगदी बरोबर होता, असं आमच्या हिचं मत आहे आणि माझंही. तरी सगळे दागिने ट्रस्ट करून बँकेत ठेवले गेले आणि लोकांच्या कामासाठी वापरले गेले.

माझ्या धंद्याशी जवळचे दोन प्रसंग पुढे येतात. जोहान्सबर्गला एका शाकाहारी उपाहारगृहाला मदत म्हणून गांधीजींनी बद्री नावाच्या अशिलाचे, विश्वासाने ठेवलेले सुमारे हजार पौंड उसने दिले. बद्रीने हो म्हटलं होतं, पण गांधीजींच्या भरवशावर. पैसे बुडाले. कायद्याने कदाचित जबाबदारी आली नसती. यांनी ती सगळी रक्कम स्वतः भरली. दुसऱ्याच्या पैशातून आपलं ध्येय साधायचं नाही हा धडा त्यांनी त्यातून घेतला. ठेवीदाराच्या पैशावर उदार होणारे अधिकारी मी पाहिले आहेत. स्वतः भरणारा एकही नाही.

दुसरा प्रसंग पारशी रुस्तमजींचा. हे मोठे व्यापारी, गांधीजींचे स्नेही आणि अशील. सगळं सांगत, पण जकात चुकवून माल आणतात हे तेवढं सांगितलं नव्हतं. पकडले गेले तेव्हा रडत आले. गांधीजींनी सल्ला दिला की सरकारी अधिकाऱ्यांपुढे सगळं कबूल करा, दंड होईल तो भरा, तुरुंगात जावं लागलं तरी जा. लाज तुरुंगात जाण्याची नाही, केलेल्या गोष्टीची आहे. चुकवल्याचं कबूल केलेल्या रकमेच्या दुप्पट दंडावर प्रकरण मिटलं. मग रुस्तमजींनी काय केलं? सगळी हकीकत लिहून काढली, फ्रेम केली आणि आपल्या ऑफिसात भिंतीवर लावली, मुलांना आणि व्यापाऱ्यांना कायम दिसावी म्हणून.

पुढचं थोडक्यात. पोलक यांनी दिलेलं रस्किनचं पुस्तक आगगाडीत रात्रभर वाचून १९०४ साली फिनिक्सची वसाहत सुरू केली. सगळ्यांनी हाताने काम करायचं आणि सारखंच घ्यायचं. १९०६ पासून सत्याग्रह. १९१० साली टॉलस्टॉय फार्म. १९१५ च्या जानेवारीत मायदेशी परत. पुढच्याच महिन्यात गोखले गेले. त्यांच्या भारत सेवक समाजात जायची इच्छा होती, पण सभासदांत मतभेद दिसले तेव्हा स्वतःच अर्ज मागे घेतला. मग चंपारण, खेडा, अहमदाबादचा गिरणी संप आणि १९१९ चा रौलेट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह. लोकांची तयारी नसताना कायदेभंग सुरू केला ही आपली डोंगराएवढी चूक, असं जाहीर सभेत सांगितलं आणि टीका सोसली. आत्मचरित्र १९२०-२१ च्या आसपास थांबतं. त्यापुढचं आयुष्य उघडंच आहे, असं त्यांना वाटलं.

त्यापुढच्या आयुष्याचा बराच भाग मात्र आपल्या शेजारी गेला. येरवड्यातून १२ जानेवारी १९२४ रोजी रात्री त्यांना ससून रुग्णालयात नेलं आणि कर्नल मॅडॉक यांनी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. पुढच्या महिन्यात सुटका झाली. १९३० साली पुन्हा येरवडा. तिथून आश्रमाला दर मंगळवारी व्रतांबद्दल पत्रं लिहायचे, आणि तुरुंगाला त्यांनी नाव दिलं होतं येरवडा मंदिर. सप्टेंबर १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाविरुद्ध याच तुरुंगात उपोषण केलं आणि २४ तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर पुणे करार झाला. राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. प्राण पणाला लावून आपल्यावर दबाव आणला गेला, हे बाबासाहेबांचं दुःख आजही अनेकांच्या मनात आहे आणि त्याला आधार आहे. ही नोंद आत्मचरित्रात नाही. ती दुसऱ्यांनी लिहिली, आणि तीही वाचली पाहिजे.

१९३३ चं २१ दिवसांचं उपोषण प्रेमलीला ठाकरसींच्या ‘पर्णकुटी’ बंगल्यात झालं. २५ जून १९३४ रोजी पुणे नगरपालिकेच्या समारंभाला येताना ते त्यात आहेत असं समजून पुढच्या गाडीवर बॉम्ब टाकला गेला. काही माणसं जखमी झाली, ते वाचले. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत अटक आणि आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्धता. सहाव्याच दिवशी, १५ ऑगस्टला, ज्यांनी आत्मचरित्र इंग्रजीत नेलं ते महादेवभाई तिथे गेले. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. साठ वर्षांहून जास्त संसार, आणि त्यात काय काय सोसलं ते नवऱ्यानेच लिहून ठेवलेलं. दोघांच्या समाधी तिथे शेजारी शेजारी आहेत. ६ मे १९४४ ला हे एकटे बाहेर पडले. १९४६ साली उरुळीकांचनला निसर्गोपचाराचं काम सुरू केलं, ते आजही चालू आहे. मग नोआखाली, कलकत्ता, दिल्ली. जिथे माणसं एकमेकांना कापत होती तिथे हा म्हातारा चालत गेला. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत प्रार्थनेला जाताना गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतरच्या दिवसांत आजोबांचं घर जळलं. ज्यांनी जाळलं त्यांना गांधी कळले नव्हते, आणि आम्ही घर जळालं म्हणून गांधी वाचले नाहीत. दोन्हींचा तोटा त्यांना काही झाला नाही.

आता माझी नोंद.

जुन्या सभासदांना २००४ सालचा प्रसंग आठवत असेल. तेव्हा ऑनलाइन काही नव्हतं. बरेच जण मेंटेनन्सची रक्कम पाकिटात घालून वॉचमनच्या केबिनमध्ये द्यायचे आणि संध्याकाळी वॉचमन ती पाकिटं मला आणून द्यायचे. ऑगस्टमध्ये एका सभासदाचं ३,२०० रुपयांचं पाकीट मिळेना. वॉचमन म्हणाले, खजिनदारसाहेबांच्या हातात दिलं. मी म्हणालो, मला मिळालं नाही. मी बँकेतला माणूस, माझ्या शब्दाला कुणी प्रश्न विचारला नाही. समितीने एजन्सीच्या बिलातून ३,२०० रुपये कापले, एजन्सीने ते त्यांच्या पगारातून कापले आणि त्यांची बदली केली. जाताना ते माझ्याकडे बघून नमस्कार करून गेले.

मार्च २००५ मध्ये वर्षअखेरीचं काम करताना टँकरच्या बिलांच्या फाइलमध्ये ते पाकीट मला सापडलं. न फोडलेलं. मी रक्कम सोसायटीच्या खात्यात भरली आणि ‘इतर जमा’ म्हणून दाखवली. ऑडिटरने काही विचारलं नाही. मी कुणाला सांगितलं नाही. फक्त आमच्या हिला माहीत होतं. तिने तेव्हाच सांगितलं होतं की समितीपुढे जा आणि त्या माणसाला शोधा. मी म्हटलं, पैसे तर भरले ना. खोटं बोललो नव्हतो, फक्त खरं सांगितलं नव्हतं. ब्रायटनच्या पत्रासारखंच, पण मी पत्र लिहिलं नाही.

चिठ्ठीचं ते प्रकरण वाचून २०१२ साली पुस्तक आठ दिवस बंद ठेवलं ते यासाठी. नंतर पुरं वाचलं, लॉकडाउनमध्ये पुन्हा वाचलं, आणि तरी गप्प राहिलो. पुस्तक वाचून माणूस आपोआप सुधारत नाही, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

हिशेब असा आहे. ते ३,२०० रुपये सोसायटीला दोनदा मिळाले. एकदा माझ्या फाइलमधून आणि एकदा त्या माणसाच्या पगारातून. दुसरी रक्कम आपली नाही, ती त्यांची आहे. व्यवस्थापक समितीला मी लेखी पत्र दिलं आहे. मूळ रक्कम सोसायटीने परत करावी आणि एवढ्या वर्षांचं व्याज मी द्यावं अशी विनंती केली आहे. पत्राची प्रत नोटीस बोर्डावर लावायलाही माझी हरकत नाही. रुस्तमजींनी तर फ्रेम केली होती.

अडचण एकच आहे. ती एजन्सी आता राहिली नाही. धानोरीला ते ज्या खोलीत राहायचे तिथे मी दोनदा जाऊन आलो, तिथे आता बिल्डिंग आहे. गाव नांदेडकडचं, एवढंच आठवतं. नाव इथे छापत नाही, पण सुरुवातीच्या कुटुंबांना ते नक्की माहीत आहे. तुमच्या मुलांना ते स्कूलबसपर्यंत सोडायला जायचे. कुणाकडे त्यांचा पत्ता, फोन किंवा ओळखीचा कुणी असेल, तर कृपा करून माझ्या दाराची बेल वाजवा. कितीही वाजता.